पुण्यात रीसेल फ्लॅट घ्यायचाय? गर्दीत शिरण्याआधी ही तयारी करा

कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दाराबाहेर मी चपलांचे अकरा जोड मोजले होते. एजंटने आम्हाला रविवारी सकाळी अकराची वेळ दिली होती आणि तीच वेळ आणखी दोन कुटुंबांनाही दिली होती. स्वयंपाकघरात एका वेळी दोघंच मावत होती. एक काकू वितीने ओटा मोजत होत्या आणि त्यांचा मुलगा बाल्कनीत उभा राहून बँकेतल्या माणसाशी बोलत होता. आम्ही नेहमीप्रमाणे “घरी बोलून कळवतो” म्हणून निघालो. संध्याकाळी सहाला फोन केला, तर विसार देऊन झाला होता.

हातचा गेलेला तो दुसरा फ्लॅट. मी मूळची सांगलीची, नोकरीमुळे पुण्यात आले. आम्ही दोघांनी चौदा महिने घर शोधलं आणि चौथ्या प्रयत्नात ते मिळालं. या काळात एक गोष्ट पक्की कळली. पुण्यात चांगल्या भागातला, रास्त किमतीचा टू बीएचके बाजारात आला की तुमच्या हातात जेमतेम सात-आठ दिवस असतात. त्या दिवसांत पटापट पावलं टाकावी लागतात, आणि आधीचे काही महिने शांतपणे तयारी केलेली असेल तरच ती टाकता येतात. ज्यांची तयारी नसते ते एक तर मागे पडतात, नाहीतर घाईत कागद न बघता पैसे देऊन बसतात. आमचं दोन्ही झालं. तुमचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आकडे पुण्याचे आहेत. दुसऱ्या शहरांत मुद्रांक शुल्काचे दर थोडे वेगळे असू शकतात, पण कामांचा क्रम हाच.

पायरी १ : एकूण किती पैसे लागणार ते कागदावर मांडा

बहुतेक जण “ऐंशी लाखांपर्यंत चालेल” असं म्हणून बाहेर पडतात. ऐंशी लाखांचा फ्लॅट ऐंशी लाखांत पडत नाही. हिशोब असा :

गृहकर्ज किती टक्के मिळू शकतं याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. म्हणजे ८० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ६४ लाख कर्ज, आणि उरलेले १६ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो पूर्ण तुमच्या खिशातून जातो. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क स्थानिक कर आणि मेट्रो अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंटचे १ टक्क्याने धरले तरी ८० हजार. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजारांपर्यंत. एवढ्यावरच बेरीज २२ लाख ९५ हजार होते. यात वकील, बँकेची प्रक्रिया फी, गहाणखताचं शुल्क, रंगकाम, खिडक्यांच्या जाळ्या आणि सामान हलवणारा टेम्पो मिळवा. २५ लाख हाताशी असल्याशिवाय ८० लाखांचं घर बघायला जाऊ नका.

यात एक वाचवण्यासारखी गोष्ट आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात सरळ ८० हजार वाचतात. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. कोणाच्या नावावर घ्यायचं हा अर्थात घरातला प्रश्न आहे, शांतपणे बसून ठरवा. पण तो विसार द्यायच्या आधी ठरलेला असू द्या, कारण पुढचे सगळे कागद त्याच नावाने बनतात.

हप्त्याचाही अंदाज आत्ताच घ्या. ६४ लाख कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर महिन्याला साधारण ५५,५०० रुपये. सहा महिने तेवढी रक्कम पगार झाल्यादिवशीच बाजूला काढून बघा. आमचं पहिल्याच महिन्यात लक्षात आलं की आम्ही ठरवलेला आकडा पाच लाखांनी जास्त होता. तेव्हाच तो खाली आणला.

पायरी २ : घर बघायच्या आधी बँकेत जा

तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचा खातेउतारा घेऊन बँकेत जा आणि तत्त्वतः मंजुरीचं पत्र काढून ठेवा. घर ठरलेलं नसलं तरी ते मिळतं आणि काही महिने चालतं. सिबिल अहवालात एखादं जुनं क्रेडिट कार्ड थकबाकी दाखवत असेल तर ते दुरुस्त करायला महिना-दीड महिना जातो, आणि तो वेळ तुम्हाला आत्ताच आहे. विक्रेत्यासमोर बसल्यावर हे पत्र दाखवता आलं की बोलण्याचा सूरच बदलतो. ज्यांच्याकडे ते नसतं त्यांच्याशी विक्रेता “बघू” म्हणून बोलतो.

एक युक्ती मला फार उशिरा कळली. फ्लॅट बघायला गेल्यावर दोन प्रश्न विचारा : “तुमचं कर्ज कोणत्या बँकेचं आहे?” आणि “इमारतीत अलीकडे कोणी कर्ज काढून घर घेतलंय का, कोणत्या बँकेतून?” विक्रेत्याचं कर्ज ज्या बँकेत आहे तिथेच तुम्ही अर्ज केला तर मूळ कागदपत्रं आधीच तिच्याकडे असतात आणि कायदेशीर तपासणी बरीच लवकर होते. इमारतीचे कागद तपासलेली बँकही चालते. अगदी नवीन बँकेने जुन्या इमारतीचे कागद पहिल्यापासून तपासायला घेतले की तीन आठवडे कुठे गेले कळत नाही.

दुसरं लक्षात ठेवा, बँक तिच्या मूल्यांकनकाराचा आकडा आणि करारातली किंमत यांपैकी कमी असेल त्यावर कर्ज देते. तुम्ही चढाओढीत ८० लाखांना हो म्हणालात आणि मूल्यांकन ७४ लाख आलं, तर कर्ज ५९ लाख २० हजारांचंच. वरचे चार लाख ऐंशी हजार आयत्या वेळी कुठून आणणार? किंमत वाढवताना हा खड्डा डोळ्यांसमोर असू द्या.

पायरी ३ : खरा भाव सूची क्रमांक २ मध्ये असतो

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच पायरी. लोक नेमकी हीच गाळतात.

पोर्टलवर दिसते ती विक्रेत्याची इच्छा. एजंट सांगतो ती त्याची इच्छा. शेजारच्या माणसाने खरोखर किती दिले, ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये दिसतं. नोंदवलेल्या प्रत्येक दस्ताची सूची क्रमांक २, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात, तिथे बघता येते. त्यात मोबदल्याची रक्कम, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, मजला, तारीख सगळं असतं. शोधताना मात्र आपल्या तोंडातलं नाव चालत नाही, महसुली गावाचं नाव लागतं. कर्वेनगर शोधायचं तर हिंगणे बुद्रुक टाकावं लागतं. सहकारनगरचा बराच भाग पर्वतीत सापडतो. सर्व्हे नंबर हवा असेल तर इमारतीतल्या कुणाच्याही करारात मिळतो.

आम्ही तीन इमारतींचे मागच्या दोन वर्षांतले व्यवहार वहीत उतरवले. रविवारची एक दुपार गेली. पण त्यानंतर एजंट म्हणाला, “मॅडम, या गल्लीत फुटाला बारा हजारांच्या खाली काहीच नाही,” तेव्हा मी त्याच गल्लीतल्या दोन दस्तांचे आकडे सांगितले. पुढचं बोलणं वेगळ्याच पातळीवर झालं. काही जुन्या दस्तांत रोखीचा भाग लपवल्यामुळे रक्कम कमी दिसू शकते, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. चार-पाच दस्त एकत्र बघा.

भाव ताडून बघताना क्षेत्रफळाचा घोळ सांभाळा. “८५० चा फ्लॅट” म्हणतात ते बहुतेक वेळा बिल्टअप किंवा सेलेबल असतं, म्हणजे भिंती, जिना वगैरे धरून. मी टेप घेऊन जायचे. असाच एक ८५० चा फ्लॅट आत मोजला, तर चटई क्षेत्र (कार्पेट), म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ५८८ चौरस फूट भरलं. ८० लाखांना तो ८५० वर ९,४१२ रुपये फुटाने पडतो आणि ५८८ वर १३,६०५ ने. प्रत्येक घराची तुलना चटई क्षेत्रावरच करा. सूचीत क्षेत्र चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा.

हे झालं की आपल्या भागासाठी एक कमाल आकडा ठरवा आणि तो घरातल्या दोघांनी मिळून लिहून ठेवा. समोर तीन कुटुंबं उभी असताना डोकं चालत नाही, तेव्हा हा लिहिलेला आकडा उपयोगी पडतो.

पायरी ४ : घर बघायचं ते पावसात, आणि जमलं तर पितृपक्षात

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा या मुहूर्तांच्या आधीचे दोन-तीन आठवडे सगळ्यात जास्त गर्दीचे. पितृपक्षात मात्र घर बघायला कोणी बाहेर पडत नाही. ज्याला खरोखर विकायचंय तो विक्रेता त्या पंधरवड्यात मोकळा असतो, बोलायला तयार असतो. शिवाय भाद्रपद म्हणजे पावसाळ्याची अखेर, तीन महिने मुरलेलं पाणी तेव्हाच भिंतीवर दिसतं. आमच्या घरात कुणाला श्राद्धपक्षात व्यवहार करणं पटत नव्हतं. मग सासूबाईंनीच मार्ग काढला : “बघायला काय हरकत आहे, विसार घटस्थापनेला द्या.” आम्ही २०२४ च्या पितृपक्षात सात घरं बघितली आणि सातव्यात आज राहतो.

ओल कशी ओळखायची ते सांगते. खोलीत शिरल्यावर एकच भिंत ताज्या रंगाची वाटली तर तिच्यावर तळहात टेकवा आणि मग समोरच्या भिंतीवर टेकवा. गारव्यातला फरक लगेच कळतो. भिंतीला लागून असलेलं कपाट उघडून वास घ्या. बाथरूमच्या मागच्या बाजूची, म्हणजे बेडरूममधली भिंत खालून दोन फुटांपर्यंत बघा, तिथे रंगाला फुगवटे येतात. वरचा मजला असेल तर गच्चीवर जा, उतार कुठे आहे आणि पाणी कुठे साचलंय ते बघा. संडासातला फ्लश ओढा, स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडून दोन मिनिटं थांबा. विक्रेत्याला वाईट वाटेल असं वाटून लोक हे करत नाहीत. एवढ्या पैशांचा मामला आहे, संकोच बाजूला ठेवा.

मग खाली येऊन वॉचमनशी बोला. पाण्याचा टँकर कधी लागतो, उन्हाळ्यात रोज किती येतात, त्याचे पैसे देखभाल खर्चातच धरतात की वेगळे? बाणेर, वाघोली, धायरी अशा वाढत्या भागांत हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. नदीकाठचं घर असेल तर शेजाऱ्यांना एकच विचारा : “२५ जुलै २०२४ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?” त्या दिवशी खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं होतं. निळी आणि लाल पूररेषा नकाशात असते, ती वकिलाकडून तपासून घ्या. पण राहणाऱ्या माणसाची आठवण जास्त नेमकी असते.

जुन्या कोथरूड-एरंडवण्यात आणखी एक विषय निघतोच. “सोसायटी पुनर्विकासाला जाणार आहे, म्हणून भाव जास्त.” सभेचं इतिवृत्त बघायला मागा. विकसकाशी नोंदणीकृत करार झाला असेल तर त्याला किंमत आहे. नुसती चर्चा चालू असेल तर चर्चेचे पैसे देऊ नका.

पायरी ५ : कागद आधी, विसार नंतर

आमचा तिसरा फ्लॅट इथे गेला. विक्रेते सज्जन गृहस्थ, फ्लॅट त्यांच्या वडिलांचा. वडील गेल्यावर सोसायटीने नामनिर्देशन (नॉमिनेशन) बघून भागप्रमाणपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) त्यांचं नाव चढवलं होतं. आम्हाला वाटलं, नाव आहे म्हणजे मालक आहेत. दोन लाख विसार दिला. वकिलांनी फाइल उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “यांच्या दोन बहिणी आहेत ना? त्यांचं हक्कसोडपत्र कुठे आहे?” ते म्हणाले, त्यांची काही हरकत नाही. पण एक बहीण परदेशात होती आणि तिने सही केली नाही. नामनिर्देशित व्यक्ती ही फक्त विश्वस्त असते, तिथे नाव लागल्याने बाकीच्या वारसांचा हक्क जात नाही. आमचे दोन लाख परत यायला चार महिने लागले, कारण विसार पावतीत परतीची अटच नव्हती. त्या चार महिन्यांत आम्हाला दुसरीकडे विसार देता आला नाही.

म्हणून वकील घर सापडायच्या आधी शोधून ठेवा आणि त्यांना सांगा, “मी कागद पाठवले की दोन दिवसांत पहिलं मत हवंय.” विक्रेत्याकडे पहिल्या भेटीतच या गोष्टींच्या प्रती मागा :

- बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे करार, साखळीतला एकही न गाळता, प्रत्येकाच्या सूची क्रमांक २ सह
- भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आणि मंजूर नकाशा
- भागप्रमाणपत्र. इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ अपार्टमेंट. पुण्यात अशा इमारती बऱ्याच आहेत आणि नवख्या माणसाला हा फरक माहीत नसतो
- जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, त्याचा कागद
- मिळकतकर, वीजबिल आणि देखभाल खर्चाच्या ताज्या पावत्या
- कर्ज असेल तर बँकेचं थकीत रकमेचं पत्र आणि बँकेकडे असलेल्या कागदांची यादी
- वारसाने आलेलं घर असेल तर मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं आणि हक्कसोडपत्रं

पार्किंगचा कागद वेगळा मागा. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग फ्लॅटसारखं सुटं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. त्यामुळे “पार्किंग आमचंच आहे” या बोलण्यापेक्षा सोसायटीचं वाटपपत्र बघा.

वकील तीस वर्षांचा शोध घेतील आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतील. साधारण चौदा दिवसांची मुदत असते. विक्रेता घाई करत असला तरी ही मुदत संपल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका.

विक्रेता परदेशात राहत असेल, तर दोन गोष्टी जपा. पुण्यात हे फार होतं, आईवडील इथे आणि फ्लॅट अमेरिकेतल्या मुलाच्या नावावर. कुलमुखत्यारपत्र याच फ्लॅटच्या विक्रीसाठी स्पष्टपणे दिलेलं असावं आणि देणाऱ्याशी तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉलवर बोललेलं असावं. आणि अनिवासी विक्रेत्याला पैसे देताना टीडीएसचा (देतानाच कापायच्या आयकराचा) दर १ टक्का नसतो, तो बराच जास्त असतो आणि कापायची जबाबदारी तुमची असते. सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

पायरी ६ : बोलणी आणि विसार

गर्दीत जास्त पैसे देणाऱ्यालाच घर मिळतं असं वाटतं. आमचा अनुभव वेगळा आहे. त्या सातव्या घरात सत्तरीचे काका-काकू राहत होते आणि मुलाजवळ बंगळूरला जाणार होते. आमच्याआधी आलेल्या कुटुंबाने आमच्यापेक्षा एक लाख जास्त देऊ केले होते, पण त्यांना दसऱ्याला गृहप्रवेश करायचा होता. चहा घेताना काकू खिडकीतल्या आकाशकंदिलाच्या आकड्याकडे बघत म्हणाल्या, “एकतीस दिवाळ्या झाल्या इथे. एवढी एक झाली असती तर बरं होतं.” मी विचारलं, “काकू, भाऊबीज करून निघालात तर चालेल का?” काकांनी चष्मा काढून पुसला आणि किंमतीचं बोलणं पुढच्या दहा मिनिटांत संपलं.

विक्रेत्याला पैशांशिवाय काय हवंय ते विचारा. कोणाला मुलाची परीक्षा होईपर्यंत वेळ हवा असतो, कोणाला त्याच महिन्यात पैसे हवे असतात कारण त्याने पुढे विसार दिलेला असतो. कोणाला जुनं कपाट, दिवाण कुठे टाकायचे कळत नसतं. ते राहू द्या म्हणा. तुमच्याकडे कर्जाचं पत्र आहे, वकील तयार आहे आणि त्यांची अडचण तुम्ही समजून घेताय, एवढं दिसलं की लाखभराचा फरक मागे पडू शकतो.

रोखीची मागणी झाली तर नम्रपणे, पण स्पष्ट नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. शिवाय करारात किंमत कमी दिसली की तुमचं कर्ज कमी होतं आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा तो नफा तुमच्या माथी येतो.

विसार पावती साध्या कागदावर असली तरी तिच्यात हे असू द्या : फ्लॅटचा क्रमांक आणि चटई क्षेत्र, पूर्ण किंमत, पार्किंगचा क्रमांक, काय काय सामान राहणार, साठेखताची (विक्रीच्या कराराची) शेवटची तारीख, ताब्याची तारीख. आणि हे वाक्य : “मालकी हक्कात दोष आढळल्यास किंवा कागदपत्रांच्या कारणाने बँकेने कर्ज नाकारल्यास विसाराची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत करण्यात येईल.” आमच्या चौथ्या पावतीत ते मी स्वतःच्या हाताने लिहिलं. काकांनी न बोलता सही केली. ज्याचे कागद स्वच्छ असतात त्याला या वाक्याची अडचण वाटत नाही. जो अडतो, त्याच्याकडे पुन्हा नीट बघा. रक्कम लाखाच्या आसपास ठेवा आणि चेकने किंवा ऑनलाइनच द्या.

पायरी ७ : साठेखत, नोंदणी, पैसे

इथून काम मुख्यतः वकील आणि बँकेचं असतं, पण क्रम तुमच्या लक्षात असायला हवा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकातलं) मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. दुय्यम निबंधक कार्यालयात सगळे पक्षकार आधार आणि पॅन घेऊन हजर राहतात. साक्षीदारही तिथेच लागतात. फोटो आणि अंगठा होतो. सकाळची वेळ घ्या, दुपारी सर्व्हर बसला की दिवस जातो.

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर भारतात राहणाऱ्या विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तुम्हाला सरकारकडे भरावा लागतो. दोघांनी मिळून घेतलं तरी एकूण किंमतच धरतात. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत भरा. उशीर झाला की व्याज आणि विलंब शुल्क तुमच्यावर येतं, विक्रेत्यावर नाही.

विक्रेत्याचं कर्ज असेल तर तुमच्या बँकेचा धनादेश आधी त्याच्या कर्जखात्यात जाईल, मूळ कागद सुटतील आणि मग उरलेली रक्कम त्याला मिळेल. आम्ही आमच्या हिश्शातले दोन लाख चावी हातात येईपर्यंत मागे ठेवले आणि तसं साठेखतात लिहिलं. काकांशी नातं कितीही चांगलं जुळलं असलं तरी हे लिहिलेलं बरं, दोन्ही बाजूंना शांत झोप लागते.

तुमच्या कर्जाचे पैसे बँकेने दिले की गहाणाची सूचना, म्हणजे घर बँकेकडे गहाण असल्याची नोटीस, नोंदवायची असते. मुदत ३० दिवसांची आहे, बँकेवर सोडून देऊ नका.

नवीन प्रकल्पात घेत असाल तर थोडक्यात

महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे आणि खटले किती आहेत ते बघा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे, तो स्कॅन केला की थेट तिथे पोहोचता. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, हे बुकिंगच्या टेबलावर आठवा. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर घेतलेल्या घराला आणि रीसेलला तो लागत नाही.

पायरी ८ : चावी मिळाल्यावरचा पहिला महिना

सोसायटीकडे भागांच्या हस्तांतरणाचा अर्ज करा. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे. “विकास निधी” किंवा “देणगी” अशा नावाने जास्त मागितलं तर ठराव आणि नियम दाखवायला सांगा, तेही लेखी. महावितरणच्या बिलावर नाव बदला. मिळकतकरावर नाव बदलताना पुणेकरांनी एक अर्ज विसरू नये : स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आधीच्या मालकाला सवलत मिळत होती म्हणून तुम्हाला आपोआप मिळेल असं समजू नका.

भागप्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला तुमच्या नावाची नोंद, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि शिक्का एवढं होईपर्यंत सोसायटीच्या कार्यालयात फेऱ्या मारत राहा. आमचं फेब्रुवारीत झालं. त्याची एक प्रत बँकेला दिली, एक फाइलमध्ये लावली. फाइलच्या पहिल्या पानावर काकांचा बंगळूरचा फोन नंबर लिहून ठेवलाय. मुख्य वाहिनीची झडप कुठल्या टाइलखाली आहे ते त्यांनाच माहीत होतं आणि ते विचारायला आम्हाला त्याच आठवड्यात फोन करावा लागला.